कपाटाची किल्ली

नोव्हेंबर सरता सरता आमच्या गावातून सूर्य निघून जातो.
दोन महिने.
भांडून नाही, निरोप घेऊनही नाही,
दुकानदार शटर ओढतो तसा.
त्या काळोखात मी प्यायचो.
उजेड आला की उजेड आला म्हणून प्यायचो.

सरकारी दारूचं दुकान नव्वद किलोमीटरवर.
हिवाळ्यात घाटरस्त्यावर बर्फ फोडणाऱ्या गाडीमागे
रांग लावून जावं लागतं.
एकदा शेजारच्या सीटवर इंगविल होती, सहा वर्षांची.
तिला सांगितलेलं, दाताच्या डॉक्टरकडे चाललोय.
वाटभर तिनं तोंड घट्ट मिटून ठेवलं.
हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.
देवाला सांगितलं,
पण तो तेव्हा मागच्या सीटवर असणारच.

आसलाक म्हणाला, प्रार्थना कर.
म्हटलं, येत नाही.
त्यानं फाटकं जाळं माझ्या मांडीवर टाकलं.
मग हे शिव.
बोटीच्या खोपटात डांबराचा वास, चुलीत ओली लाकडं,
आणि माझी बोटं उसनी आणल्यासारखी
सुईभोवती नाचणारी.
एक गाठ बसली. दुसरी सुटली.
त्याच्या ओठांत त्याच्या आईच्या भाषेतलं काही चाललं होतं,
मला त्यातलं माझं नाव तेवढं कळत होतं.
ओडवार.
थोड्या वेळानं परत, ओडवार.
शिवी न जोडता माझं नाव
कितीतरी वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

त्यानंतरही पडलो. तीनदा.
तिसऱ्यांदा ईस्टरच्या आदल्या रात्री,
कॉड वाळत घालायच्या मांडवाखाली.
वर हजारभर मासे, मुंडकी नसलेले,
वाऱ्यात एकमेकांवर खटखट आपटत होते.
मी त्यांना काहीतरी भाषण ठोकलं, म्हणे.
पहाटे चर्चची घंटा वाजली, तो उठला आहे,
तो उठला आहे.
मी उठलो नव्हतो.
आसलाकनं मला घोंगडीत गुंडाळून ढकलगाडीतून घरी नेलं,
वाटेत एक शब्द बोलला नाही.
दाराशी म्हणाला, जाळं अजून अर्धं राहिलंय.

मग दीड वर्ष.
दीड वर्षाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
कॉफी प्यायलो.

या डिसेंबरात म्हाताऱ्या हाल्दनचे गुडघे गेले,
आणि सोलफ्रीडबाईंनी, आमच्या पाळकांनी,
चर्चच्या कपाटाची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.
पुस्तकं, मेणबत्त्या, प्रभुभोजनाचा द्राक्षारस.
माझा तुझ्यावर विश्वास आहे, म्हणाल्या.
डोळे पाणावले होते त्यांचे.
मी मान डोलावली. अभिमानही वाटला, खोटं का बोलू.

त्या रात्री किल्ली उशाखाली, मग खुंटीवर,
मग पिठाच्या डब्यात.
दोन वाजता बूट घातले.
चर्च डावीकडे, शंभर पावलं. दिव्याखाली बर्फ भुरभुरत होता.
प्रभू, म्हटलं,
आणि पुढं शब्दच नाही,
लहानपणी पाठ केलेल्यातली एकच ओळ घशाशी आली,
ती परीक्षेची, आम्हाला तिच्यात घालू नकोस म्हणणारी.
मी ती कायम घाईत म्हणत आलो होतो,
आमेन जवळ आलंय म्हणून.

पाय उजवीकडे वळले.
मी वळवले असं म्हणवत नाही.

सोलफ्रीडबाईंनी दार उघडलं, नाइटगाउनवर नवऱ्याचा कोट.
ही माझ्याकडे नको, म्हटलं.
त्या किल्लीकडे बघत राहिल्या,
तिला चिकटलेल्या पिठाकडे.
मग म्हणाल्या, चुकलं माझं.
पाळक असं म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं.
मी विचारलं, फावडं आहे का?

तेव्हापासून चर्चच्या पायऱ्या माझ्याकडे.
अकरा पायऱ्या.
रविवारी भाकरीचा तुकडा घेतो, पेला पुढं देतो,
शेजारची हालदीस तो माझ्या नाकापासून
जरा लांबूनच नेते, बिचारी.

इंगविलला पत्र टाकलंय. दाताच्या डॉक्टरचं लिहिलं त्यात.
अजून उत्तर नाही.
सहाला उठतो, काळोखच असतो.
रात्री पडलेला बर्फ काढतो.
उद्याचा अजून पडलेला नाही.