खळीची खोली

नागझरीच्या अंगाला, रिक्षा गॅरेजच्या मागं
काळ्या दगडाची एवढीशी खोली.
दार इतकं बुटकं
की आत जाणारा आपोआप नमतो.

इथं घोंगड्यांच्या खळीला चिंचोके शिजायचे.
मेंढ्या कातरल्या की धनगर यायचे,
भिवा हिंगमिरे लोकर तोलायचा,
काजळीत बोट बुडवून
भिंतीवर रेघ ओढायचा.
मणाला एक.

आता टायर.
मुनीर म्हणतो, दोनदा चुना मारला,
रेघा पुन्हा वर.
लोकरीचं तेल प्यालीय भिंत,
रंग धरतच नाही.

शेवटची रेघ अर्धीच.
अर्धा मण भरला,
का मधेच कुणी हाक मारली?

टायर अडकवायला खिळे ठोकलेत सगळीकडं.
तेवढी वीतभर जागा सोडून.
विचारलं तर म्हणाला,
तिथं दगड कडक आहे.