भट्टी

जालन्याच्या एमआयडीसीत मी भंगार निवडतो.
पत्रा वेगळा, स्प्रिंगा वेगळ्या, बीड वेगळं.
रात्री भट्टी सगळं गिळते,
सकाळी सळया.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशीतला कचरा मोडायला
एक रस लागतो, तो या लेकरात तयारच होत नाही.
म्हणजे भट्टी बंद
आणि ट्रक येतच राहिले.
साचलं. यकृतात, बोटांच्या पेरांत,
डोळ्यांच्या काचेवर धुरकट.

"नात्यातलं लग्न का?"
बायको माझ्या सख्ख्या मामाची.
तिनं पदराचं टोक पिळलं,
मी पंख्याची पाती मोजली. तीनच होती.

जुळली ती संबोधी. नऊ वर्षांची.
अर्धी खोट तिच्यातही आहे, पण चालतं म्हणाले.
तिनं विचारलं, दुखंल का?
मग हळूच, माझं मला उरंल का?

आधी सुगतची मज्जा औषधानं जाळली.
केस उशीवर राहिले.
मग एक पिशवी, गडद लाल,
आमच्या पाण्याच्या बाटलीपेक्षा लहान.
काहीतरी मोठं होईल म्हणून
मी दोन तास काचेबाहेर उभाच.
थेंब पडत होते, बस्स.

वर्ष झालं. पोट उतरलंय.
बोटं वाकडीच; हाडाला उशीर झाला म्हणतात.
पाटीवर नाव लिहितो
तर 'ग'चा काना लांब जाऊन पडतो.

रक्तगट मात्र बदलला, बहिणीचा झाला.
भांडण लागलं की ती ओरडते,
माझं रक्त दे परत!
अन् तो खरंच
हात पुढं करतो.