बेचाळिसावी चौकट

एक्केचाळीस पट्ट्या पाण्यात उभ्या आहेत,
पांढऱ्या, लाल आकड्यांच्या,
सोओमाच्या दलदलीत, नद्यांच्या काठाने.
आणि एका पानावर मावतात सहा.
आडवे दोन, उभे तीन.

मार्च सरताना इथे पाचवा ऋतू येतो.
बर्फ वितळतो, नद्या आपापली पात्रं विसरतात,
कुंपणं बुडतात,
माणसं होडीने दुकानात जातात
पावासाठी, टपालासाठी.
मी पार्नूच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
कोरडी.
कोडला सांगते:
एकपासून एक्केचाळीसपर्यंत जा.
प्रत्येकाची फाइल उघड, निळी रेघ ओढ,
वर गावाचं नाव घाल.
सहाने भागून बाकी उरली नाही
की पान उलट.

तो उलटतो.
एकदाही मान वर न करता उलटतो.
पण सातव्या पानावर पाचच उरले
आणि ते पाच ऐसपैस पसरले,
पंगतीत शेवटी आलेल्यांनी
शेजारच्या रिकाम्या पाटावर
गुडघा टेकवावा, तसे.
कुठलासा ओहोळ
अख्ख्या नदीपेक्षा रुंद दिसायला लागला.
कॉफी ढवळत उर्वे मागून म्हणाली,
"एक रिकामी चौकट घाल की."
तेव्हा कळलं,
रिकामं ठेवायचं तर तेही लिहावं लागतं:
इथे रेघ नको, अक्ष नको, नाव नको,
नुसती जागा धरून बस.
तेवढ्या एका काहीनाहीसाठी
तीन ओळी.

मसुदा गावोगाव गेला.
गुरुवारी एंडेलचा फोन.
तेविसावी पट्टी त्याची,
पान चौथं, खालची रांग, डावीकडे.
ना नमस्कार ना चमत्कार,
"माझं पाणी सपाट दाखवलंयस."
मी समजावलं,
सगळ्यांना उभा अक्ष एकच,
शून्य ते पाच मीटर,
तरच तुलना करता येते.
तुमच्याकडे चढलं चाळीस सेंटीमीटर.
"चाळीस," तो म्हणाला. "बरोबर.
पण उंबरा पस्तिसावर आहे."
मग बराच वेळ फोनमध्ये
फक्त त्याचा रेडिओ.

संध्याकाळी एक शब्द बदलून पाहिला:
ज्याचा त्याचा अक्ष.
एंडेलचा ओहोळ डोंगर झाला.
पुलाखालची नदीही तेवढाच डोंगर.
आणि एका पट्टीपाशी, जिथे महिनाभरात
बोटभर पाणी हललं होतं,
तिथेही प्रलय.
एक्केचाळीस प्रलय, सात पानं.
मी शब्द होता तसा केला.
खोटं दोन्हींत काहीच नव्हतं,
हाच तर त्रास.

आठवड्याने पाकीट आलं.
आत फक्त सातवं पान, चार घड्या घातलेलं.
बेचाळिसाव्या चौकटीत,
जिथे मी काहीनाही लिहिलं होतं,
तिथे पेन्सिलीने दाराची चौकट.
खांबावर आडव्या खुणा,
काही आजोबांच्या सुरीच्या असाव्यात,
त्याने आता कागदावर उतरवलेल्या.
सगळ्यांत वरच्या खुणेशी दोन शब्द: "आई टेबलावर".
मधल्या एकीशी नुसतं एका गायीचं नाव.
सगळ्यांत खाली, उंबऱ्याच्या जरा वर,
यंदाची: "मेंढ्या होडीत".
अक्ष नाही. एकक नाही.
एका कोपऱ्यात रबराने खोडलेलं काहीतरी
दोघींनी उजेडाकडे धरून पाहिलं,
लागलं नाही.

"हे कुठल्या फाइलमधून वाचायचं?"
उर्वे म्हणाली, आणि हसली नाही.

अहवाल उद्या द्यायचाय.
प्रिंटर तापून बसलाय.
एक्केचाळीसच्या शेवटी
कर्सर लुकलुकतोय मघापासून.
खाली नदीकाठचे बाक
अजून ओले आहेत.