अकरा सेकंद

परदेशीपुऱ्यात माझं झेरॉक्सचं दुकान.
पान दोन रुपये, आधार रंगीत हवं तर दहा.
ज्यांचा रिचार्ज संपलाय ते इथं येतात
आणि माझ्या फोनातून काम शोधतात.

मी लिहितो:
मांगीलाल, वय त्रेपन्न, मिलमध्ये साचा चालवायचे,
आता काहीही चालवतील.
चौकीदारी चालेल. रात्रपाळी तर फारच चालेल.
मग टाकतो कॉलनीच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या,
मेव्हण्याच्या जुन्या ऑफिसच्या,
दहावीच्या बॅचच्या, जिथं सकाळी
फक्त गुलाब आणि सुविचार येतात.
कोणी हात जोडतो, कोणी अंगठा दाखवतो.
एकजण विचारतो, कुठल्या समाजाचे?
त्याला मी उत्तर देत नाही.
तोही ग्रुप सोडत नाही.

काम जवळच्यांकडून येत नाही,
एवढं मला या दुकानानं शिकवलं.
जवळचे त्याच चौकात, त्याच ओट्यावर बसून
त्याच ठेकेदाराची वाट बघत असतात.
काम येतं लांबून.
मेव्हण्याच्या साहेबाच्या भाडेकरूची बहीण,
सांवेर रोडला तिचा शेवेचा कारखाना.

धापूबाईला तसंच मिळालं.
लिहिता येत नाही म्हणाल्या, तर मी म्हटलं, बोला.
फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला, निरांजनासारखा,
विझेल अशा भीतीनं.
अकरा सेकंद. त्यातली चार नुसता श्वास,
मागे टेम्पोचा हॉर्न.
चौथ्या दिवशी बोलावणं आलं.
महिना साडेआठ हजार, पहिल्या पगारातून
टोपी-एप्रनचे सहाशे कापले.
ते कापणं मी ग्रुपवर टाकलं नाही.
"काम लागलं" एवढंच टाकलं. पंचवीस अंगठे.

माझा श्रीरंग वरच्या खोलीत असतो.
बी.कॉम., अठ्ठावीस.
त्याच्यासाठी एकदा लिहायला बसलो:
"माझ्या ओळखीतला एक मुलगा आहे..."
ओळखीतला.
खोडलं.

परवा धापूबाई पासबुकाची झेरॉक्स घ्यायला आल्या.
श्रीरंग कागदाचे गठ्ठे उतरवत होता, दुपारी तीनला, मंगळवारी.
त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
चार रुपये मोजून ठेवले आणि गेल्या.

रात्री माझ्याच ग्रुपवर त्यांचा आवाज.
आता स्वतःचा फोन, मागे पाकिटं चिकटवायच्या मशीनची खरखर:
"झेरॉक्सवाल्या भाऊंचा पोरगा आहे.
हिशेब येतो. वजन उचलतो. चहासुद्धा पीत नाही.
कुणी बघा हो."

मी आवाज कमी करायला विसरलो होतो.
वर जिन्यात पावलं थांबली,
मग पुन्हा चढून गेली.

ते बोलणं मी पुढं पाठवलं,
कॉलनीत, भजनात, गुलाबांत, सगळीकडे.
दिवसाला पाच कप पितो तो.
ते मात्र दुरुस्त केलं नाही.