उन्हाळी वेळापत्रक

दर ऑगस्टात युनिव्हर्सिटी माझ्या हवाली करते
एक बस भरून नवे मास्तर.
तीन दिवस, अकराशे किलोमीटर, न्यूफाउंडलंड.
"ज्यांना शिकवायचं त्यांची गावं आधी बघून या,"
असं कुलगुरूंचं पत्र,
सोबत प्रत्येकाला एक टोपी आणि डासांवरचं मलम.
एकोणीस वर्षं ही गाडी हाकतोय.
मलम पुरत नाही.

पहिल्या दिवशी माईक फिरतो.
नाव, देश, विषय.
यंदा एक फिन माणूस होता, तापियो,
शेवाळावर उमर काढलेला,
त्यानं माईक असा पुढे सरकवला
जणू तापला तवा.
सोंग मिन-आ, समुद्राचे कायदे शिकवणारी,
खिडकीत समुद्र आला की पेन खाली ठेवायची.
आणि मागच्या सीटवर एफुआ बैडू,
संख्याशास्त्र, केप कोस्टची,
भर ऑगस्टात दोन स्वेटर घालून.
मला त्यांच्या प्रबंधांतलं ओ का ठो कळत नाही.
मी वळणं सांगतो, आणि मूस कुठे आडवे येतात ते.

दुसऱ्या दिवशी हॅरो कोव्ह.
बंद पडलेला मासळीचा कारखाना,
चर्चच्या हॉलात बायकांनी मांडलेली टेबलं,
डब्यातल्या दुधाचा चहा, बेरीचा जॅम.
भाषणं झाली. टाळ्या झाल्या.
मग पलीकडच्या गनेट बेटावरून आलेली व्हेरा स्नूक
कोट न काढताच उभी राहिली.
"माझ्या केल्सीला नापास कुणी केलं तुमच्यातल्या?"

चमचे थांबले.
आयोजक बाई धावल्या:
अहो, हे सगळे नवे आहेत,
एकही तास घेतलेला नाही अजून कुणी.
"बरंय," व्हेरा म्हणाली,
"म्हणजे वेळ गेलेली नाही."
आणि बसली. जॅम वाढू लागली.

एफुआ बैडू उठून तिच्या शेजारी गेली.
"मी असते, तर तिला काय विचारायला हवं होतं?"
"फेरी किती वाजता सुटते. बाकी काही नाही."

सोमवारची पहिली फेरी सव्वासहाला.
धक्क्यापासून कॉलेज दोन तास.
साडेआठला चाचणी, उशिराला शून्य.
शनिवार-रविवार केल्सी घरी,
बापाच्या जाळ्यापाशी, कारण बापाचा एक खांदा गेलेला.

हे सगळं मला ठाऊक होतं.
धक्क्यावरून तिला आणणारी बस माझीच.
ती माझ्या मागच्या सीटवर, मांडीवर वही,
"अॅम्ब्रोज काका, पोचू का हो?"
"मूस आडवा नाही आला तर," मी म्हणायचो.
मूस एकदाही आला नाही.
आणि कॉलेजात कुणापाशी बोलावं,
हे माझ्या डोक्यात नाही आलं.
कोण मी, ड्रायव्हर.
केल्सी आता त्याच फेरीवर दोर बांधते.
आता तिची चुकत नाही.

परतीला माईक कुणी मागितला नाही.
तापियो खिडकीला डोकं टेकून झोपला होता,
किंवा डोळे मिटून होता.
धक्क्याशी दोन मिनिटं थांबलो
तेव्हा एफुआ बैडू उतरली, वाऱ्यात पाठमोरी,
फलकावरचं वेळापत्रक उतरवून घेताना दिसली,
वहीला दोन्ही कोपरांनी दाबून धरत.

ऑक्टोबरात गणिताच्या इमारतीत गेलो होतो,
कुणाची तरी विसरलेली छत्री द्यायला.
तिच्या दारावर ते चिकटवलेलं,
सुबक अक्षरात, बेटांची नावं लाल शाईत,
खाली एक ओळ: यातून येणाऱ्यांची चाचणी दुपारी.

पण ते उन्हाळी होतं.
एक तारखेपासून पहिली फेरी सातला सुटते.
दार बंद होतं, आत कुणाला तरी ती
सावकाश काही समजावत होती.
मी खाली गेलो, बसमधून
हिवाळी वेळापत्रकाची प्रत काढली,
परत तीन जिने चढलो.
गुडघे कुरकुरले.

यावेळी मी दार वाजवलं.