ब्रेकची तार

सकाळी आठला सहाजण.
सातवा चालत नाही, तसा नियम आहे.
विजारी मोज्यांत खोचा, म्हणते मी, मुंग्या चढतात.
खोकला असेल त्यानं आत्ताच सांगा,
तिकिटाचे पैसे परत मिळतात,
त्यांच्या छातीत गेलेला खोकला परत घेता येत नाही.

आमच्या टोरोत कुणाला नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे
दार न वाजवता आत शिरणं.
म्हणून निघण्याआधी प्रत्येकाला एक लाडाचं नाव देते,
अमूती, अब्वोली, अकीकी, अट्वूकी.
डझनभर नावांत आमचा अख्खा मुलूख मावतो,
सहा पाहुण्यांचं काय घेऊन बसलात.
निवृत्त जर्मन दंतवैद्य आज अब्वोली आहे.
स्वतःशीच म्हणून बघतो, हसतो.
अराली हे नाव मी कुणाला देत नाही.

किबालेत उजेड उशिरा पोचतो
आणि पोचतो तेव्हा हिरवा झालेला असतो.
तासभर नुसती हत्तीची लीद, जुनी घरटी, घाम.
अमूतीचा बूट चिखलात राहतो, पाय पुढे जातो.
मग कुठेतरी झाडाच्या फळीएवढ्या मुळावर
लाथांचा धडधडाट,
आणि एक किंकाळी, तिच्यावर दुसरी,
सगळं रान एकाच घशातून ओरडतं.
दंतवैद्य माझी बाही धरतो. धरू देते.

तो रानउंबरावर आहे.
डावा हात मनगटाशी संपतो.
फांदी पायानं वाकवतो, फळ ओठांनी तोडतो,
कुठे काही कमी आहे असं
त्याला पाहून वाटत नाही, आपल्याला वाटतं.

हाताला काय झालं? मुखवट्याआडून कुजबुज.
फास, सांगते मी. हरणासाठी, डुकरासाठी लावतात.
लोक इथे थांबतात. मान हलवतात, फोटो काढतात.
आज अट्वूकीनं पुढचं विचारलं :
कुणी लावला होता?
गावातल्यांनी, म्हटलं.
हेही खोटं नाही.

बिगोडीच्या बाजारात माझ्या बापाचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं.
खिळ्याला जुन्या ब्रेकच्या तारांचं वेटोळं.
त्यातली बरी तार गिऱ्हाइकाला,
उरलेली शनिवारी रात्री खिशातून रानात.
रविवारी भुईमुगाच्या रश्श्यात मटण,
मी तिसरीत, हाड चोखत पाढे म्हणणारी.
माझी फी त्या तारेतून आली,
या कामासाठी लागतं ते इंग्रजीसुद्धा.

त्याचीच होती का, कोण सांगणार.
फास लावणारी तीसचाळीस घरं होती,
ब्रेकची तार सगळीकडे सारखीच.

तास संपता संपता तो खाली उतरला
आणि आमच्यामधूनच गेला.
आठ मीटर दूर राहायचं हे आम्हाला लागू, त्याला नाही.
हलू नका, म्हटलं. कुणी हललं नाही.
ओल्या पानांचा, आंबट फळांचा वास आला.
थोटकावर भार देत, जरासा तिरका,
घाई असल्यासारखा गेला.
माझ्याकडे पाहिलं वगैरे काही नाही.

रात्री बाप अंगणात, कंदिलाकडे पाठ करून.
आज दिसला?
दिसला.
खात होता?
हो.
चढतो अजून?
चढतो, तुझ्यापेक्षा बरा.
यावर तो हसला नाही.
वहीत त्याचं नाव काय लिहिता तुम्ही?
दोन अक्षरं आणि एक आकडा, म्हटलं.
मनातल्या मनात त्याला ज्या नावानं हाक मारते ते नाही सांगितलं.
ते याचंच आहे.

अराली, जेवून घे.
त्यानं डाव्या हातानं ताट जवळ ओढलं
आणि बराच वेळ तो हात तिथेच ठेवला.

उद्या पुन्हा सहाजण.
एकाचा गुडघा दुखतो असा निरोप आहे,
त्याच्यासाठी काठी कापून ठेवायची राहिलीय.