खिडकी क्रमांक दोन

बसस्थानकाच्या कोपऱ्यात माझी काचेची खिडकी.
वर पाटी: माहिती.
एकोणीस वर्षं मी सांगते आहे
या काउंटीत काय पाहावं.

किल्ला पाहा. पण जिना चढताना
पाण्याची बाटली संपवू नका, वर नळ नाही.
घड्याळांचं संग्रहालय पाहा,
चारशे घड्याळं, एकाचं दुसऱ्याशी पटत नाही,
आणि किल्ल्या देणारा गेडेऑन
रोज उशिरा येतो.
पाणचक्की सोमवारी बंद.
खरं तर मंगळवारीही; ओढ्याचं पाणी
बिअरच्या कारखान्यानं केव्हाच वळवलं.
जुनी शाळा आहे, एकच वर्ग,
दौती सुकलेल्या, छडी खिळ्याला.
म्हातारे आत शिरताना टोपी काढतात,
कुणी सांगितलेलं नसतं.

निळीचं घर कागदावर शेवटचं, सातवं.
लोक कागदाची घडी घालतात
ती नेमकी त्याच ओळीवरून जाते.

मार्चमध्ये एक बाई आली, ऐंशीच्या पुढची,
पायात शाळकरी पोरांचे असतात तसे
चिकटपट्टीचे बूट.
म्हणाली, निळीचं घर उघडं असतं का,
अजून?

बस दीड तासानं होती.
मी पडदा ओढला, ‘दहा मिनिटांत येते’ लावलं.
ती पाटी खोटं बोलते
हे अख्ख्या स्थानकाला ठाऊक आहे.

आत ओल्या लाकडाचा वास, चुन्याचा, निळीचा.
हौद कोरडे, पुरुषभर खोल.
भिंतीवर नासपतीच्या लाकडाचे ठसे,
पितळी खिळ्यांची नक्षी ठोकलेले.
वेंडेलनं पाठ केलेलं सुरू केलं:
या ठशानं कापडावर लेप उठतो,
मग कापड निळीत बुडतं,
लेपाखालचं तेवढं पांढरं...
बाईनं हात वर केला, वर्गातल्यासारखा.
“माझा बाप बुडवायचा इथं.
कोपरापर्यंत निळा.
लग्नाच्या फोटोतसुद्धा हातमोजे.”

ठसा क्रमांक एकतीस. ट्यूलिपची फुलं.
तिनं डाव्या पाकळीवर बोट ठेवलं.
हात लावू नये, असं तीन भाषांत लिहिलेलं.
वेंडेल खिडकीबाहेरचे कावळे मोजू लागला.

“इथला खिळा मी उपटला.
सात वर्षांची होते. दातांनी.
गळ करायचा होता, मार्त्सालमध्ये टाकायला.”

बापाला कळलं नाही?

“कळलं ना. तोवर चाळीस वार छापून झालं होतं.
म्हणाला, कुणी विचारलं तर सांगू,
नक्षीच अशी आहे.
कुणी विचारलंच नाही.
कारखाना बंद पडेपर्यंत कुणी नाही.”

वेंडेलला राहवेना.
मासा लागला का?

“कसला मासा.
शेवाळात अडकला गळ, पहिल्याच दिवशी.
असेल तिथंच.”

त्या संध्याकाळी मी कपाटातून
पाहुण्यांसाठीचा टेबलक्लॉथ काढला.
डावी पाकळी. एक, दोन, तीन, चार,
पाचव्या जागी नुसती नीळ.
लग्नात मिळालेला, सत्तावीस वर्षं
त्यावर सूप सांडलं, नावं ठेवली, हिशोब झाले,
मी एकदाही ठिपके मोजले नव्हते.
अंगणात गेले. कुंपणापलीकडे
इलूशच्या दोरीवर एप्रन वाळत होता.
तिथंही चारच.
इलूश म्हणाली, काय शोधतेस?
म्हटलं, काही नाही, डाग गेला का बघत होते.

आता कुणी विचारलं, काय पाहावं,
तर किल्ला सांगते, घड्याळं सांगते,
पाणचक्कीचा वार सांगते.
मग कागदाची घडी मीच घालून देते,
सातवं नाव वर येईल अशी.
बाटलीचं सांगायचं मात्र अलीकडे राहून जातं.
लोक किल्ल्यावरून
तहानलेले उतरतात.